आधी मीठ, मगे काटो

अंगठ्यानं बांगड्याचं पोट दाबायचं, तो अंगठा नाकाशी न्यायचा आणि सांगायचं, "ह्येका दोन वाजापर्यात मीठ होया." एवढं झालं की काकी टोपलीवर ओलं गोणपाट ओढून मिठाच्या गोदामाच्या पायरीवर बसे. दोनच्या आत मीठ लागलं तर तो बांगडा पावसाळाभर टिके. उशीर झाला तर आषाढातच त्याला वास सुटे. किती वाजले हेही ती पायरीवर बसल्या बसल्या, कुठंही न बघता सांगायची. नोकरीत नवा असताना, दुसरं काम नव्हतं म्हणून, मी तिची वेळ कचेरीतल्या घड्याळाशी ताडून बघत असे. दोनदा फरक पडला. दोन्ही वेळा घड्याळ मागं पडलेलं निघालं.

तिला कोणी काही विचारलं, नवऱ्याची पाठ कशी आहे, मुंबईच्या मुलाचं पत्र आलं का, तर उत्तर ठरलेलं असे. "बोलूचा ता मगे. आधी मीठ."

तिचं नाव रजिस्टरात होतं, पण त्या नावानं तिला कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. सत्तरीचे म्हातारे तिला काकी म्हणत. तिच्याहून वयानं मोठा असलेला तिचा दीरही काकीच म्हणे, आणि यात काही चुकतंय असं त्या दोघांनाही वाटत नसे.

मालवणच्या उत्तरेला एका लहानशा बंदरावर मासे खारवण्याचं सरकारी आवार होतं. सगळे त्याला यार्ड म्हणत. आमचा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता, मण-शेर जाऊन किलो येऊ घातले होते, आणि बर्फाची लादी मुंबईला जाऊन आलेल्यांनीच काय ती बघितलेली होती. मासळी टिकवायची तर मिठात. ते मीठ सरकार बायकांना सवलतीनं देई, म्हणून वजन झाल्याशिवाय मिठाचा खडा बाहेर पडता कामा नये, असा कडक नियम होता.

यार्डात दोन कुलूपबंद खोल्या होत्या. समुद्राच्या अंगाला मिठाचं गोदाम आणि रस्त्याच्या अंगाला काट्याची खोली, म्हणजे मोठा तराजू आणि वजनं ठेवायची जागा. प्रत्येक दाराशेजारी भिंतीत एक लाकडी पेटी, पेटीत त्या दाराची चावी आणि खाली एक दगडी पाटी. चावी घेणाऱ्यानं पाटीवर आपलं नाव लिहायचं, आणि हातातलं काम पुरं झाल्याशिवाय चावी परत ठेवायची नाही. कोणातरी जुन्या साहेबांनी हा नियम केला होता. तो चांगलाच नियम होता, हे मी आजही म्हणेन.

कारकून आम्ही दोघे. मी किनाऱ्यापासून आत असलेल्या कट्टा गावाकडचा, भात आणि काजू करणाऱ्या घरातला. बांगडा आणि तारली यांतला फरक मला नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात कळला. दुसरे परब. ते जामसंड्याचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, रोज इस्त्रीचा सदरा घालणारे. मी बायकांना मीठ तोलून द्यायचो. परब बाहेरगावी जाणाऱ्या खारवलेल्या मासळीच्या करंड्या तोलायचे आणि वर कोरड्या मिठाचा थर देऊन लॉरीत चढवायचे. म्हणजे मला मीठ लागे आणि मग काटा लागे. परबांना काटा लागे आणि मग मीठ लागे. हे वाचून तुमच्या जे लक्षात आलं असेल, ते आम्हा दोघांच्या, आमच्या साहेबांच्या आणि जिल्ह्याहून आलेल्या तपासनिसांच्या लक्षात येऊ शकलं नाही.

दसरा होऊन आठवडा झाला होता. सकाळी रापणीला, म्हणजे गावातली पन्नास माणसं किनाऱ्यावरून ओढतात त्या मोठ्या जाळ्याला, इतका बांगडा लागला की वाळू दिसेना. नऊ वाजता चाळीस बायका टोपल्या घेऊन मिठाच्या दारात उभ्या राहिल्या. मी मिठाची चावी घेतली, पाटीवर नाव लिहिलं आणि काटा आणायला रस्त्याच्या अंगाला निघालो. त्याच वेळी करंड्या न्यायला लॉरी आलेली होती. परबांनी काट्याची चावी घेतली, नाव लिहिलं आणि मीठ आणायला समुद्राच्या अंगाला निघाले. यार्डाच्या बरोबर मध्यावर आमची गाठ पडली.

"काट्याची चावी?" मी विचारलं.

"माझ्याकडे. मिठाची?"

"माझ्याकडे. तुमचं झालं की पेटीत ठेवा, मी घेईन."

"तुमचं झालं की तुम्ही ठेवा, मी घेईन," परब म्हणाले.

आम्ही एकमेकांना मान लववली आणि आपापल्या दारात जाऊन बसलो. आम्ही भांडलो असतो तर कदाचित कोणी मध्ये पडलं असतं. पण आम्ही भांडत नव्हतो. दोघेही नियमानं वागत होतो आणि दुसऱ्याचं काम व्हायची वाट बघत होतो. अकरा वाजले. साहेब मालवणला गेले होते. आपण चावी सोडली तर काम पुरं न करता सोडली असं होईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. परबांनाही तितकंच स्वच्छ दिसत होतं. बारानंतर त्यात थोडा अभिमानही मिसळला, हे कबूल करतो.

काकी दर अर्ध्या तासानं बांगड्याचं पोट दाबून बघत होती. एकदाच म्हणाली, "बांगडो थांबूचो नाय, कारकुना."

"परबांना सांगा," मी म्हटलं.

ती उठून परबांकडे गेली आणि परत आली. "ते म्हणतत, कारकुनाक सांगा." एवढं बोलून ती पुन्हा पायरीवर बसली.

तीन वाजता साहेब आले, ओरडले, आणि दोन्ही दारं उघडली. तोवर उन्हानं आपलं काम केलं होतं. संध्याकाळी बायकांनी माडांच्या बुंध्याशी खड्डे खणले आणि बांगडा पुरला. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की चार महिने घरात जे शिजायचं, ते त्या खड्ड्यात जात होतं. मी काकीच्या वाडीपर्यंत गेलो आणि कुंपणाशी उभा राहिलो. ती कमरेत वाकून फावड्यानं वाळू लोटत होती. मला शिव्या द्यायला तिला पूर्ण मुभा होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "नारळाक बरा." मग पुन्हा वाकली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

साहेब घाटावरचे, सरळ माणूस. त्यांनी आम्हा दोघांना लेखी समज दिली, की यापुढे परस्पर सहकार्यानं वागावं. आम्ही ती इतकी मनावर घेतली की पुढच्या मोठ्या रापणीच्या दिवशी मध्यावर गाठ पडताच मी म्हटलं, "परब, आधी तुम्ही." परब म्हणाले, "छे, आधी तुम्ही." मी जाऊन माझी चावी पेटीत ठेवली, त्यांनी त्यांची ठेवली. मग दोघांनाही वाटलं, आता समोरच्यानं सोडलीच आहे तर काम उरकून घ्यावं. मी सवयीनं मिठाची उचलली, त्यांनी सवयीनं काट्याची उचलली आणि मध्यावर पुन्हा गाठ पडली. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला बायका हसायच्या थांबल्या.

मग साहेबांनी दोन्ही चाव्या एका लोखंडी कडीत ओवल्या. कडी ज्याच्याकडे, यार्ड त्याचं. त्यानं अडणं थांबलं, पण परबांना नुसती एक करंडी तोलायची असली तरी मिठाची चावी त्यांच्या कमरेला लटकलेली असे आणि मी दारात बसून माश्या हाकलत असे. मी मीठ तोलून देऊ लागलो की लॉरीवाला भोंगा वाजवत बसे. एकाचं काम चाले, दुसऱ्याचं बंद. एकदा परब कडीसकट जेवायला घरी गेले. कडी निघाली आणि चाव्या पुन्हा पेट्यांत गेल्या.

शेवटी जिल्ह्याहून तपासनीस आले. त्या दिवशी ना रापण होती ना लॉरी. मी मिठाची चावी घेतली, काट्याची घेतली, मीठ तोललं, दोन्ही परत ठेवल्या. परबांनीही करून दाखवलं. तपासनिसांनी शहाळं घेतलं आणि 'व्यवस्था निर्दोष आहे' असा शेरा लिहून ते गेले. त्यानंतर चार दिवसांनी आम्ही पुन्हा अडलो.

हे सगळं काकी पायरीवरून बघत होती. तुम्ही कधी एकाच जागी बसून महिनोन्महिने दोन माणसांकडे बघितलं आहे का? मी नाही बघितलं. आम्ही दोघे तर एकमेकांकडे बघत होतो, त्यामुळं दिसायचा प्रश्नच नव्हता. एका दुपारी, काम नव्हतं तेव्हा, तिनं मला हाक मारली.

"कारकुना, तू आधी खयची चावी घेतंस?"

"मिठाची."

"आणि परब?"

"काट्याची."

"कित्याक?"

"माझं काम मिठापासून सुरू होतं. त्यांचं काट्यापासून."

तिनं पाय पायरीवरून खाली सोडले. मग म्हणाली, "माज्या घरात दोन सुनो. मसालो वाटूचो झालो की एक पाटो धरून बसता, दुसरी वरवंटो. दोगींकय घाई. कोण सोडणा नाय. घोव जेवूक येतत, आणि आमटी नाय."

"मग?" मी विचारलं.

"मी सांगलंय, वरवंट्याक आधी हात लावूचो नाय. पयलो पाटो. पाटो गावलो तरच वरवंटो. पाटो दुसरीन घेतल्यान तर गपचूप भायर बसूचा."

"मग भांडणं संपली?"

"भांडणा खंय सोपतत?" काकी म्हणाली. "मसालो वाटून होता."

मी बराच वेळ त्या दोन दारांकडे बघत राहिलो. मनातल्या मनात मी परबांना मिठाच्या दाराकडे पाठवलं आणि स्वतःही तिकडेच गेलो. दोघांपैकी एकाला चावी मिळाली. दुसरा रिकाम्या हातांनी उभा राहिला. ज्याला मिळाली तो काट्याकडे गेला, आणि काटा तिथंच होता, कारण रिकाम्या हाताचा माणूस त्याला शिवलाच नव्हता. मी हे उलटसुलट करून बघितलं. कुठंच गाठ पडेना.

"पण आधी मीठच का? काटा का नाही?"

"खयचाय आधी घेवा. पण दोगांनीय ताच आधी." मग म्हणाली, "तरी मीठच घेवा. बांगडो माजो आसा."

"आणि परबांनी नुसत्या तोलायच्या कामासाठी काटा घेतला, आणि मध्येच मीठ लागलं तर?"

"हातातलो काटो आधी पेटयेत ठेवूचो. मगे मिठाक जावचा. मीठ घेवन परत काट्याक येवचा. पाय दुखतीत, दुसरा काय?"

काकीचं म्हणणं साहेबांना तसंच सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं आणि विसरले असते. म्हणून मी ते कचेरीच्या भाषेत लिहिलं. 'उभय चाव्यांची आवश्यकता असलेल्या कर्मचाऱ्याने प्रथम मिठाच्या गोदामाची व तदनंतर काट्याच्या खोलीची चावी घ्यावी. प्रथम चावी उपलब्ध नसल्यास द्वितीय चावीस स्पर्श करू नये.' साहेबांनी 'स्पर्श करू नये' खोडून 'हात लावू नये' केलं आणि सही ठोकली. काकीनं घरून होडीला लावायचं डांबर आणलं आणि मिठाच्या दारावर एक रेघ, काट्याच्या दारावर दोन रेघा ओढल्या. बायकांना वाचता येत नव्हतं, पण नियम आता त्यांनाही दिसत होता.

परबांना तो पटला नाही. "माझं काम काट्याचं," ते म्हणाले, "आणि मी मिठाच्या दारात रांगेत उभा राहू?" पण आदेश होता म्हणून त्यांनी मान हलवली.

शिमग्याच्या आधी पुन्हा मोठी रापण लागली आणि लॉरीही त्याच सकाळी आली. मी मिठाची चावी घेतली. काट्याच्या दाराशी गेलो तर पेटी रिकामी आणि पाटीवर परबांचं नाव. मी मागं वळलो. परब बहुतेक करंड्या तोलून काट्याच्या चावीसकट मिठाकडे निघाले होते. लॉरीवाला भोंगा वाजवत होता. आम्ही मध्यावर भेटलो, त्याच जागी.

"परब, ती पेटीत ठेवा," मी म्हटलं.

"दोन करंड्या राहिल्यात. तुम्हीच तुमची द्या. पाच मिनिटं."

मी काय केलं असतं, सांगता येत नाही. बहुतेक दिली असती, आणि नियम पहिल्याच कसोटीला मेला असता. पण मिठाच्या पायरीवरून काकी उठली. आमच्यापर्यंत आली. हात पुसले. परबांना ती नेहमी मानानं बोलायची, तशीच बोलली.

"परबानू, तुमच्या हातात वरवंटो आसा."

चाळीस बायका एकदम हसल्या. पाट्या-वरवंट्याची गोष्ट एव्हाना घरोघर पोचलेली होती. परबांचा चेहरा लाल झाला. ते माझ्याकडे बघेनात, काकीकडे बघेनात. डांबराच्या दोन रेघांकडे मात्र त्यांनी बघितलं. मग चालत गेले, चावी पेटीत ठेवली, पाटीवरचं नाव सदऱ्याच्या बाहीनं पुसलं आणि येऊन मिठाच्या दारात, बायकांच्या रांगेच्या शेवटी, उभे राहिले. इस्त्रीच्या बाहीवर खडूचा पांढरा डाग पडला होता.

त्या दिवशी बाराच्या आत शेवटच्या बांगड्याला मीठ लागलं. लॉरी साडेबाराला सुटली. परबांनीच नंतर हिशेब लावून सांगितलं, की कडीवाल्या पद्धतीनं ती तीनला सुटली असती. पुढं मी त्या यार्डात नऊ वर्षं होतो. आम्ही पुन्हा कधी अडलो नाही.

तपासनिसांचं पत्र आलं, त्यात नव्या व्यवस्थेची स्तुती होती. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि ही कल्पना माझी, असं जाहीर केलं. मी तोंड उघडलं नाही. नोकरी पक्की व्हायची होती, बायको पहिलटकरीण होती. कारणं आहेत, पण ती कारणंच आहेत. आठ दिवस मी काकीच्या पायरीकडे न बघता मीठ तोललं. मग एका दुपारी जाऊन तिला सांगून टाकलं, की तुमचं श्रेय मी खाल्लं.

ती करंडी विणत होती. तिनं वर बघितलं नाही. "नावाक काय मीठ लावून ठेवूचा आसा?" म्हणाली, आणि मी आणखी काही बोलायच्या आत माझ्या बायकोच्या दिवसांची चौकशी केली, "बायलेचा खयपर्यात इला?"

आमची मुलगी झाली तेव्हा चौथ्या दिवशी काकी दारात उभी. पदराखाली केळीच्या पानात मोरी, म्हणजे लहान मुशी मासा. बाळंतिणीला दूध यायला मोरीसारखं दुसरं काही नाही, असं आमच्याकडे मानतात. माझी बायको आमच्या कट्ट्याकडचीच, तिला मोरीचा वास सहन होईना. काकीनं स्वतः आमच्या स्वयंपाकघरात बसून मसाला वाटला, मोरी शिजवली, आणि "नाक धर आणि खा गो," म्हणत समोर बसून खाऊ घातली. जाताना मला म्हणाली, "रडता तेव्हा उचल रे झिला. नुसतो बगत रवा नको." झिला, म्हणजे पोरा, म्हणाली. तोवर मी तिचा कारकून होतो.

मग बर्फ आला. आधी मालवणला, मग आमच्याकडे. लॉऱ्या ताजा बांगडा बर्फात घालून घेऊन जाऊ लागल्या आणि मिठाच्या दारातली रांग लहान होत गेली. चाळीसच्या वीस झाल्या, वीसच्या सहा. काकीचा नवरा एका पावसाळ्यात गेला. धाकट्या सुनेनं वेगळी चूल मांडली. काकी सकाळी यायची, टोपली असो नसो, पायरीवर बसायची. एकदा मी विचारलं, "काकी, आज बांगडो नाय?" तर म्हणाली, "बर्फात गेलो." तिच्या तोंडी तो शब्द एखाद्या परगावच्या नातेवाइकासारखा यायचा.

तिचा मोठा मुलगा मुंबईहून तिला न्यायला आला. आगबोट मालवणला लागायची नाही. ती लांब समुद्रात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत न्यावं लागे. मुलगा ट्रंका घेऊन पहिल्या पडावातून पुढं गेला. काकीला बसवून द्यायला मी दुसऱ्या पडावात चढलो.

तेव्हा मला कळलं, की ती आजवर होडीत बसलेली नव्हती. नवरा, दीर, मुलगे सगळे दर्यावर जाणारे. बायकांनी होडीत पाय ठेवायची रीत नव्हती. साठ वर्षं ती त्या पाण्याच्या काठावर उठली-बसली होती, आणि आता तिनं नवं हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत धरून, माझ्या खांद्यावर हात टेकून, पहिल्यांदा त्यात पाऊल ठेवलं. बसल्यावर तिनं दोन्ही बाजूंच्या फळ्या घट्ट धरल्या. वल्ही पडू लागली. पाणी उडून तिच्या तोंडावर आलं, ते तिनं पुसलं नाही.

मला वाटलं ती आगबोटीकडे बघेल. ती उलटी वळली. मालवणचा किल्ला, त्याच्या उत्तरेला आमच्या बंदराची माडांची रांग, त्यामागं टेकडी, धूर निघणारी चार-सहा घरं. आम्ही जसजसे पुढं जात होतो, तसतसं ते सगळं एकमेकांजवळ सरकत होतं, आणि ती ते टक लावून बघत होती.

"इतकोच आसा?" ती म्हणाली.

"काय, काकी?"

"गाव."

पडाव आगबोटीच्या शिडीला लागला. वरून मुलानं हात खाली केला, तिनं तो धरला आणि एक एक पायरी मोजल्यासारखी चढत गेली. कठड्यापाशी पोचल्यावर ती पुन्हा किनाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. भोंगा झाला. पडाववाल्यानं वल्ही उलटी घेतली आणि आम्ही दोघे रिकामा पडाव घेऊन परत निघालो.